पोटातला पांढरा ठिपका

मंगळवार, संध्याकाळ

आज खोटं बोलले. तेही दस्तगीरचाचांच्या तोंडावर.

आमच्या लॅबमधले उंदीर चाचाच सांभाळतात. गडमुडशिंगीला घरी त्यांच्या चार म्हशी. गेल्या महिन्यात त्यांनीच मला हाक मारली. "ताई, हिच्या पिल्लांच्या पोटात दूधच दिसंना. बाकीच्यांच्या पोटात कातडीतनं दुधाचा पांढरा ठिपका दिसतोय, बघा की. हिची कासच भरली न्हाय." मी हसले. उंदराला कसली कास, चाचा?

मग स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि हसू जिरलं. आम्ही एक जनुक गरजेपेक्षा जास्त चालू ठेवलेली मादी ती. तिच्या स्तनग्रंथीत नुसत्या नळ्या होत्या, दूध तयार करणारा भाग वाढलाच नव्हता. ते जनुक नेमकं काय बिघडवतं, दोन वर्षं मी हेच शोधत होते.

आज आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडम उंदरांच्या खोलीत आल्या. "हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं गं?" मी म्हणाले, "माझ्या." का म्हणाले? चाचांचं नाव घ्यायला काय जड जात होतं? ते तिथंच पिंजऱ्यातला भुसा बदलत होते. मॅडमनी त्यांच्याकडं बघितलं. चाचा म्हणाले, "व्हय की. ताईंनीच दाखवला मला ठिपका."

मॅडम गेल्या. आता चाचा बोलणार, असं वाटलं. बोलावं, असंही वाटलं. त्यांनी एक पिंजरा पुढं केला. "काल व्याली ती बी तसलीच, ताई. पिल्लं दुसऱ्या मादीखाली प्यायला लावली. आता आलाय बघा ठिपका."

मी वाकून बघत राहिले. ठिपका केव्हाच दिसला होता. मान वर करवेना.