सासऱ्यांसाठी एक झुरका

३ ऑक्टोबर
काल लग्न झालं. सासरचं युशी गाव आवडलं. अंगणात डाळिंबाचं झाड आहे, ऊन थेट स्वयंपाकघरात येतं. इथल्या लग्नातल्या रिवाजाप्रमाणे एकेका पाहुण्याची सिगारेट मी, नव्या नवरीने, पेटवून दिली. मामेसासरे मुद्दाम काडी फुंकून विझवत होते, सूनबाई, काडी पेटवता येत नाही की काय, म्हणत होते. हसून हसून पुरेवाट झाली. मला दुसरा महिना आहे, ते फक्त माझ्या नवऱ्याला, जियानपिंगला, ठाऊक.

सासरे वसंतात फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. त्यांच्या खोकल्याची नक्कल सगळ्यांनाच येते. दोन तुटक, मग एक लांब, बेडका सुटेपर्यंत.

९ ऑक्टोबर
भिंती पुसल्या. फडक्याला सिगारेटच्या धुराचा तपकिरी चिकटा लागला, शिसारी आली. सासूबाईंनी हौसेने कधी सिगारेट ओढली नाही, तरी नाकात प्राणवायूची नळी आहे. रोज सकाळी सासऱ्यांच्या फोटोपुढे, तांदळाच्या वाटीत, त्या एक सिगारेट पेटवून उभी करत. आता दम पुरत नाही, म्हणून काम माझ्याकडे आलं. आपण एक झुरका घेतल्याशिवाय ती नीट पेटत नाही म्हणाल्या.

१० ऑक्टोबर
नवं पाकीट फोडलं. सिगारेट ओठांना लावली तर बूड ओलं. कोणाची तरी थुंकी. तीनदा चूळ भरली.

२१ ऑक्टोबर
वाटीतली सिगारेट आपोआप ओढली जाते. निखारा फुलतो, मंदावतो, पुन्हा फुलतो. वारा नसतो. जियानपिंगला म्हटलं, बाळासाठी हे बंद करू या. तो स्वतःची पेटवत म्हणाला, बाबांना उपाशी ठेवू का? मी याच धुरात वाढलो, काय झालं मला? एवढं बोलून तो खोकला.

२ नोव्हेंबर
आज पेटवली नाही. दुपारी सासूबाईंच्या तोंडातून धूर निघाला. हातात काही नव्हतं. म्हणाल्या, पेटव गं बाई, ते मला ओढताहेत.

पेटवली. झुरक्याबरोबर जिभेवर बेडका आला. माझा नव्हे. शी —

८ नोव्हेंबर
सोनोग्राफी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दिवसाला किती ओढता? एकही नाही म्हटलं. त्यांना खरं वाटेना. पडद्यावर बाळाभोवती काहीतरी धुरकट, हलणारं —

९ नोव्हेंबर
माहेरी निघाले. पाकीट चुलीत घातलं. बूट घालताना पोटात हललं. इतक्या लवकर कसं —

हललं नाही. खोकलं.

दोन तुटक. मग एक लां—