ओठाखालचा डाग, जवळून

६ नोव्हेंबर

निशाचा या महिन्याचा फोटो झाला. भाची माझी, पण येते पेशंटसारखी. तोंड धुतलेलं, पावडर नाही, थेट खिडकीजवळच्या स्टुलावर. गोंदियाच्या स्किनवाल्या डॉक्टरांनी सांगितलंय : दर महिन्याला डागाचा फोटो, तोच उजेड, तेवढंच अंतर. वाढतो की थांबला, ते त्यावरून कळणार.

डाग खालच्या ओठाच्या डाव्या टोकापासून हनुवटीवर उतरलेला. कोड. दादाच्या घरी हा शब्द कोणी उच्चारत नाही, ‘ते’ म्हणतात. घरात कोणी नको तो पाहुणा येऊन बसल्यासारखं.

अगदी जवळचं टिपणाऱ्या मॅक्रो लेन्सची रिंग शेवटच्या टोकाला फिरवून ठेवली की मग फोकस लावायचा नाही, आपणच पुढे-मागे डुलायचं. एवढ्या जवळून श्वास घेतला तरी ओठ फोकसमधून सुटतो आणि मागची लव स्पष्ट येते. दोघींनी श्वास रोखला. मग निशाला हसू आलं. पुन्हा.

म्हणाली, “शाळेत पोरं सांगतात, मॅडम, तोंडाला खडू लागला.”
“मग?”
“मग काय. हो लागला, राहू दे म्हणते.”

पट्टीचा तुकडा डागाशेजारी धरून शेवटचा काढला. मागच्या महिन्याएवढाच वाटतो. वाटतो.

१३ नोव्हेंबर

दादा स्टुडिओत आला, म्हणजे काम असणार. जानेवारीत समाजाचा परिचय मेळावा. पोरीचा फोटो पुस्तिकेत द्यायचा आहे.

“रंजू, चांगला काढ. अन् ते जरा साफ करून दे.”
“काय साफ करू? लेन्स?”
“समजून न समजल्यासारखी नको करू. लोक आधी फोटो पायतात, पोरगी मंग.”
“तर मग फोटोशीच लाव लग्न.”

चहा अर्धा ठेवून गेला.

या पुस्तिकेचे फोटो दरवर्षी मीच काढते, मीच ‘साफ’ करते. मुरूम, वांग, डोळ्याखालचं काळं. सगळ्या पोरी शेवटी एकाच आईच्या दिसतात, आणि ती आई माझा कॉम्प्युटर. माझ्या वेळी मेळावे नव्हते. एकेकाला घरी बोलावून, पोहे खाऊ घालून नकार घ्यावा लागे. आता नकार घाऊक मिळतो, एवढी प्रगती.

१९ नोव्हेंबर

निशाचं पोर्ट्रेट. जुन्या पोर्ट्रेट लेन्सला गेल्या वर्षी पावसाळ्यात बुरशी लागली, तेव्हापासून हेही काम मॅक्रोकडेच. दोन हात मागे सरकलं की ती निमूट पोर्ट्रेटची होते. फक्त माया करत नाही. दुसरी लेन्स गालावरून हात फिरवते, ही हजेरी घेते. मागच्या वर्षीची एक नवरी स्वतःचा फोटो पाहून रडली होती. तिच्या सासूला मात्र फार आवडला.

आधी निशाला उजवीकडे वळवून बसवलं, डाग सावलीत जाईल असं. न सांगता. हात आपोआप तसेच चालले. तिने पाहिलं माझ्याकडे आणि तोंड खिडकीकडे केलं. डावी बाजू, पूर्ण उजेडात.

“असा काढ. महिन्याचा काढतेस तसा, फक्त लांबून.”

काढला. डोळे असे आलेत की डागाकडे नजर जायला वेळ लागतो, आणि गेली की तिथून हलत नाही. दोन्ही खरं आहे. एकही पुसणार नाही.

२७ नोव्हेंबर

वहिनीने घोळ केला. आठवडी बाजारात जडीबुटीवाली बसते, तिच्याकडून बावचीचं तेल आणलं. डागाला लावून पोरीला गच्चीवर उन्हात बसवलं. निशा आईचं मन राखायला बसली. संध्याकाळपर्यंत डाग लालभडक, सकाळी टरारून फोड.

गेले तर वहिनी पदराने वारा घालत होती.

“त्या बाईनं सांगतलं का जेवढं ऊन तेवढा गुन.”
“वहिनी, पोरगी आहे. पापड नाही.”
“तुले काय होते बोलाले! तुले कोनाचं लगन करा लागते?”

लागलं. बरोबर ठिकाणी लागलं. तिचेही डोळे सुजलेले होते, रात्रभर झोपली नसावी.

फोडाचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. त्यांनी फोनवर मलाच झापलं. वहिनीच्या वाट्याचं मी ऐकून घेतलं. चालायचं.

७ डिसेंबर

महिन्याचा फोटो. फोड बसला. खपली निघाली तिथे कातडी गुलाबी, चमकते आहे. उजेड परत फेकते म्हणून खिडकीला पांढरा पडदा लावून काढावा लागला. कडा कुठे सुरू होते ते लेन्सलाही कळेना. डॉक्टरांचं नेहमीचं मलम पुन्हा सुरू.

१२ डिसेंबर

मेळाव्याचे सचिव. खादी, अत्तर, दोन मोबाईल. दादाने परस्पर निशाचा वेगळाच फोटो दिलाय. कोणत्या तरी ॲपमधून काढलेला. डाग गेला, सोबत हनुवटीही गेली. मी तो फोटो पुस्तिकेत बसवावा, असं म्हणणं.

“हा तिचा चेहरा नाही,” म्हटलं.
“ताई, पुस्तिका समाजाची आहे. त्यात सगळं चांगलंच दिसलं पाहिजे.”
“मग पहिल्या पानावर तुमचा फोटो काऊन टाकता?”

हसले. पुढाऱ्यांना अपमान पचवता येतो, नंतर व्याजासकट परत करतात. “एका पोरीपायी इतकी वर्षं चालत आलेलं काम सोडता काय?” म्हणाले. सोडते म्हटलं. बोलून गेले. रात्री जेवताना वाटलं, थोडं हळू बोलायला हवं होतं. वरण गिळलं आणि ते वाटणंही.

२१ डिसेंबर

काम नाही तर कुठेतरी जावं. निशाला सुट्टी होती, तिला घेऊन नवेगाव बांधला गेले. तलावाच्या काठावर पक्षीवाल्यांची जत्रा. तोफांएवढ्या लेन्सा, मिलिटरीचे कपडे, पक्षी मात्र सगळे पलीकडच्या काठाला. मी गवतात गुडघे टेकून एका आठपायी कोळ्याच्या मागे.

एक जण म्हणाला, “दीदी, इतने छोटे लेन्स से क्या मिलेगा?”
“जो आपके जूते पे चढ रहा है.”

गडी टुणकन उडाला. त्याच्यामुळे होते नव्हते तेवढे बगळेही उडाले.

परत येताना बसमध्ये निशाने सांगितलं. तिने स्वतः सचिवांना फोटो पाठवला. खिडकीतला. ‘बाबांनी दिलेला रद्द करा, हाच छापा, मी सज्ञान आहे.’ सज्ञान शब्द तिने शोधून वापरला असावा. सचिवांचं ‘छापतो’ असं उत्तरही आलंय.

“भीती नाही वाटली?”
“वाटली नं. म्हणून तर बटन दाबून मोबाईल दप्तरात टाकला.”

२४ डिसेंबर

दादा दारातूनच.

“तूच भरवलं तिच्या डोक्यात.”
“तिचं डोकं रिकामं असतं तर भरवलं असतं.”
“उद्या कोनी नाही आला तं? तू ठेवशील तिले? तुझ्यासारखी? स्टुडिओच्या वर खोली घेऊन?”

म्हटलं, खोली चांगली आहे, हवा येते.

गेला. मागे न पाहता. लहानपणी रागावला की असाच जायचा, मान जरा डावीकडे टाकून. वाईट वाटलं. त्याची भीती खोटी नाही. घरात दोन वर्षं मागणी येत नाही तेव्हा बापाची झोप कशी उडते, ते मी आमच्या बाबांच्या तोंडावर पाहिलेलं आहे. तरीही नाही. भीती त्याची आणि पुसायचं तिचं तोंड, हा कुठला हिशेब?

४ जानेवारी

मेळावा. फोटोला दुसरा माणूस. मी प्रेक्षकांत, कॅमेरा न घेता. हातांचं काय करावं ते कळेना.

आधी पुस्तिका. निशाचं पान उघडलं. फोटो खिडकीतलाच, छापलाय. पण प्रत्येक फोटोवर उमेदवाराच्या क्रमांकाचा एक लाल गोल असतो. बाकी सगळ्यांचा खाली कोपऱ्यात, साडीवर नाहीतर शर्टावर. निशाचा बरोबर हनुवटीवर. डाग झाकला! फोटो बदलला नाही, सचिव शब्दाला जागले. अशी अक्कल रस्त्याच्या कामात लावली असती तर आमच्या गोरेगावला खड्डा उरला नसता.

झालं काय, की ज्याने त्याने तेच पान उघडलं. माझ्या मागच्या दोघी : “हिचाच गोल तोंडावर काऊन?” “काहीतरी असन नं खाली.” मग पान उजेडाकडे धरून पाहिलं, जणू मागून दिसेल.

निशाला स्टेजवर बोलावलं. माईक धरून, शाळेत हजेरी घेते त्या आवाजात : नाव, शिक्षण, नोकरी, उंची. “आणि पुस्तिकेत माझ्या हनुवटीवर जो गोल आहे, त्याच्याखाली पांढरा डाग आहे. कोडाचा. कोणाला लागत नाही. अपेक्षा : मुलगा निर्व्यसनी असावा आणि त्याने विचारायचं ते मला विचारावं.”

निवेदक घाईघाईने, “धन्यवाद, धन्यवाद, पुढील क्रमांक...”

टाळ्या नाहीत. कुजबुज. वहिनी खाली मान घालून बसलेली. दादा उठून बाहेर गेला. निशा खाली आली तेव्हा तिचे हात बर्फासारखे गार होते, धरून बसले. जेवणात बुंदी होती, ती मात्र तिने दोनदा घेतली.

७ जानेवारी

महिन्याचा फोटो. मोठ्या स्क्रीनवर पाहिला आणि खुर्चीच पुढे ओढली. डागाच्या आत, बारीक लव जिथून निघते तिथे तिथे तपकिरी ठिपके. मोहरीपेक्षा लहान. नुसत्या डोळ्यांनी काहीच दिसत नाही, आरशात तर नाहीच.

डॉक्टरांना पाठवला. म्हणाले, रंग परततोय असं दिसतं. मलमामुळे असेल, त्या भाजण्यामुळे असेल, आताच सांगता येत नाही. परततो तसा थांबतोही. आणि ते तेल पुन्हा लावाल तर याद राखा.

म्हणजे वहिनीचा पापड कदाचित... नाही. हे मी लिहीत नाही.

निशाने स्क्रीनवर बोट ठेवून ठिपके मोजले.
“आत्या, आईबाबांना नको सांगू.”
“काऊन?”
“ते म्हणतील, थांबा, बरं होऊन राहिलं, पुढच्या वर्षी पाहू. मंग मी वर्षभर बरी होत बसायचं. मी आजारी नाही.”

सांगणार नाही. पण ते ठिपके पाहून मला आनंद झाला, तो मात्र खोटा नव्हता. मीच ना, ‘डाग पुसणार नाही’ म्हणणारी? असो. दोन्ही एका पोटात राहतात, तक्रार नाही.

१६ जानेवारी

दादाकडे फोन येऊन राहिले. त्या गोलामुळे! अर्धे नुसते चौकशीखोर. एकाने विचारलं, मुलगी गरम पाणी पिते का. एक काका म्हणाले, आमचा मुलगा दुसरेपणाचा आहे, तेव्हा आम्ही सांभाळून घेऊ. दादाने त्यांना जे सुनावलं ते वहिनीने मला फोनवर हळू आवाजात ऐकवलं. लिहिण्यासारखं नाही. बरं वाटलं. भाऊ आहे माझा.

२३ जानेवारी

नवेगाव बांधकडचं एक घर. मुलगा शेतकी खात्यात. मुलाच्या आईचा फोन, योगायोगाने मी दादाकडेच होते. दादाने स्पीकरवर टाकला.

“तो डाग वाढून राहिला का बरा होऊन राहिला, तेवढं सांगा.”

दादा माझ्याकडे पाहू लागला. मी निशाकडे. माझ्या मोबाईलमध्ये तो फोटो, ठिपक्यांसकट. एक वाक्य बोललं की काम सोपं. जीभ टाळूला लावून धरली. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

निशाने फोन घेतला. “आहे तसा आहे. पुढचं कोणालाच माहीत नाही. या नं पाहायला. पण दिवसा या, संध्याकाळी नको.”

पलीकडून, “येतो.”

फोन ठेवल्यावर वहिनी : “दिवसा कायले बोलावलं वो? सांजच्याले लाइटीत तेवढं नसतं दिसलं.”
“म्हणूनच, आई.”

१ फेब्रुवारी

आले. मुलगा, आई, एक मामा. निशाने पावडर लावली नाही. वहिनीने डबी दोनदा पुढे केली, दोनदा परत ठेवली. निशाने खुर्ची स्वतः उचलून ओसरीच्या टोकाला ठेवली, जिथे दुपारचं ऊन येतं. उन्हात वाळत घातलेले कपडे दादाने काढून घेतले. सावली पडत होती त्यांची.

मामांनी पगार विचारला, स्वयंपाक विचारला, डागाकडे नजर जाऊ नये म्हणून इतकं इकडेतिकडे पाहिलं की त्यांची मान अवघडली असेल. मुलाने विचारलं, शाळेतली मुलं काय म्हणतात? निशाने खडूचं सांगितलं. तो हसला. हसणं बरं होतं. पण हसण्यावरून मी माणूस ओळखत नाही, माझ्या धंद्यात सगळेच हसतात.

मुलाची आई उठली, खुर्ची उचलून निशाच्या अगदी शेजारी आणली. पर्समधून चष्मा काढला, पुसला, लावला. “पाहू का?” विचारलं. निशाने हनुवटी वर केली. बाईंनी पाहिलं, नीट, घाई न करता. काय दिसलं ते त्यांच्या तोंडावर उमटलं नाही. एवढ्या जवळून मी महिनोन्महिने पाहतेय, पण मला कोणी कधी असं जवळून... जाऊ दे.

चहा झाला. निघताना मामा दारात उभे राहून, नेहमीच्या थाटात : “बरं. विचार करून आम्ही कळवतो.”

निशा म्हणाली, “हो. मी पण विचार करून कळवते.”

मामा दादाकडे पाहू लागले. दादाने चप्पल पायात सरकवत त्यांच्या गाडीपर्यंत सोबत केली आणि जाता जाता म्हणाला, “बरोबर आहे तिचं.”