तळ्याचं गाव, समुद्राचं शहर

आई, तुला जाऊन तेवीस वर्षं झाली आणि जिवंत असतानाही तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे हे लिहिण्यात तसा काही अर्थ नाही. जन्मभर महापालिकेच्या शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवलं, मायना कुठं, मजकूर कुठं, आणि आता स्वतः लिहायला बसले तर पहिल्याच ओळीत तक्रार. असू दे. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं हे नाही. शेजारणीला सांगितलं तर ती डोळ्याला पदर लावेल आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलेलं असेल.

तू पाहिलेल्या आमच्या त्या दोन खोल्या आता नाहीत. चाळ पाडून मालक तिथं मोठी इमारत बांधतोय. दिवाळीनंतर जागा सोडा, असं त्यानं उन्हाळ्यातच सांगून ठेवलं होतं. तुझे जावई चार वर्षांपूर्वी गेले, म्हणजे प्रश्न माझ्या एकटीचाच होता. मुलगा विशाखापट्टणमला बंदरात नोकरीला आहे, मुलगी नैनितालला, तिचा नवरा तिथल्या एका हॉटेलात मॅनेजर आहे. एक समुद्राकाठी, एक डोंगरातल्या तळ्याकाठी. मी दोन्हीकडं कधी गेले नाही, आधी शाळा होती, मग ह्यांचं आजारपण. चाळीचं कळल्यावर दोघांचे फोन एकाच आठवड्यात आले आणि दोघांनीही तेच विचारलं. आई, तुला कुठं राहायला आवडेल? तू ठरव. मी काय हरखले म्हणून सांगू! नळावर, भाजीवाल्यापाशी, जो भेटेल त्याला सांगत सुटले, काय करावं कळेना बाई, डोंगरात जावं का समुद्रावर? शाळेतून निवृत्त होताना आणलेला जुना नकाशा भिंतीवर लावला आणि दोन्ही गावांना तांबड्या पेनानं गोल केले. सोलापूरहून दोन्हीकडचं अंतर पट्टीनं मोजलं. एवढी मिरवले मी.

मग फोन वाढले. मुलगा धाकट्या बहिणीला तायडीच म्हणतो. तो म्हणाला, "आई, खरं सांगू का, तायडीकडची हवा एक नंबर आहे. तळं आहे, नावा आहेत, सकाळी नुसतं काठानं चाललं तरी आजार पळतो. हितं काय, घाम गं नुसता. आणि गर्दी बघितलीस तर घाबरशील." मी म्हटलं, बघते. दोन दिवसांनी मुलगी म्हणाली, "आई, हितं थंडी लई बेक्कार असती. तुझे गुडघे आधीच तसले. सगळा चढ-उतार. दादाकडं बघ की, संध्याकाळी समुद्रावर जत्रा भरल्यासारखी असती, भुट्टे, फुगे, गाणी. तुला माणसं लागतात. तुला तिथं करमंल." मी म्हटलं, तेही खरंय. आठ दिवस मी तळ्याचे गुण मुलाच्या तोंडून ऐकले आणि समुद्राचे गुण मुलीच्या तोंडून. पाढे न येणाऱ्या पोरालाही ह्याहून लवकर समजलं असतं. समजलं तेव्हा मी भाजी निवडत होते. हातातली मेथी तशीच राहिली आणि मी मोठ्यानं हसले. मग रडले. नकाशा काढून गुंडाळून ठेवला.

आई, तुला करकंबच्या बाजाराहून परत जाणारा तो तुझा चुलता आठवतो का? उजनी धरण व्हायच्या आधीचं आपलं घर, मी आठ-नऊ वर्षांची. तू गोठ्यात होतीस. म्हातारा ओट्यावर टेकला, मी त्याला पाणी दिलं आणि शहाण्यासारखं विचारलं, "आजोबा, जेवणार का?" तो म्हणाला, "नगं गं पोरी, आत्ताच खाऊन आलोय." पाणी प्याला आणि गेला. तू आलीस, ऐकलंस आणि माझा कान असा पिळलास की अजून आठवतो. "आगं, पाव्हण्याला जेवनार का म्हून इचारतेत व्हय? इचारलं की मानूस न्हाईच म्हनतंय. ताट वाढावं, हातावर पानी घालावं, गप बसावं. सकाळधरनं उपाशी असंल त्यो." मग फडक्यात भाकरी-चटणी बांधून तू बांधापर्यंत पळत गेलीस. मी तुझ्या मागं. म्हाताऱ्यानं हात जोडले, भाकरी घेतली नाही. "आता नगं लेकी. बोलून गेलो न्हवं." तू परत येताना रस्ताभर माझ्याशी बोलली नाहीस. त्या दिवसापासून मी कुणाला जेवणार का विचारलेलं नाही. आमच्या घरी येणाऱ्याला ताट दिसायचं, प्रश्न ऐकू यायचा नाही. पोरांनाही मी हेच शिकवलं, असं मला वाटत होतं.

पण तुला विचारलं. तू आमच्याकडं राहायचीस तेव्हा, त्याच चाळीतल्या स्वयंपाकघरात, एप्रिलमध्ये, भर दुपारी. तू तुरी पाखडत बसली होतीस. माझं मोठं पोरगं दहावीला जाणार होतं, तुझा खोकला रात्रभर चालायचा आणि ह्यांच्या कपाळावरची आठी मला दिसायची. भावानं तेव्हा उजनीच्या पाण्याकाठी नवीन घर बांधलं होतं, केळी लावली होती. मी वाक्यं आधीच जुळवून ठेवली होती. तिथं पाणी आहे, मोकळी हवा आहे, नातवंडं आहेत, इथं आपलं कोंदट. आणि मग म्हटलं, "आई, तुला कुठं राहावंसं वाटतं? तुझ्या मनानं सांग." तू सुपावरून डोळे काढले नाहीस. "व्हय की. तितंच बरं. हितं मला मेलं करमत न्हाय." दुसऱ्या दिवशी पिशवी भरलीस. मी ह्यांना सांगितलं, आईलाच जायचंय हो. भाच्याच्या अक्षरात तुझी कार्डं यायची, मी मजेत हाय, काळजी करू नगा. मी ती खरी मानली, कारण खरी मानणं सोयीचं होतं. चौदा महिन्यांनी भावाचा निरोप आला. आम्ही पोचलो तेव्हा तुला बाहेर ठेवलं होतं आणि पाण्याकाठच्या उपशाच्या मोटारी नेहमीसारख्या चालू होत्या. ती चूक नव्हती, आई. तू काय म्हणशील हे मला माहीत होतं, म्हणून तर मी विचारलं.

त्यामुळे पोरांवर रागवायचा मला काही हक्क नाही. तरी राग आला, आणि आला की मी हट्टी होते, हे तुला माहीत आहे. मी मुलाला फोन करून म्हटलं, ठरलं रे, तायडीकडं जाते, शेजारचे तिकडं यात्रेला निघालेत, सोबत आहे. तो म्हणाला, "मी न्यायला आलो असतो की गं," पण त्याचा आवाज किती हलका झाला होता! तासाभरानं मुलीला म्हटलं, दादाकडं जाते. ती म्हणाली, "बरं झालं आई. लई छान वाटंल तुला." मग सोलापुरातच, सिद्धेश्वराच्या तळ्याजवळ एक खोली भाड्यानं घेतली, टेम्पोत सामान टाकलं आणि इथं आले. मला वाटलं, आठ दिवसांत दोघं एकमेकांशी बोलतील, उघडं पडेल, मग बघू कोण काय म्हणतं ते. शिक्षा करायची होती मला. चार दिवस तोंड पाडून बसतील एवढीच.

आठ दिवसांचे दोन महिने झाले. माझा फोन साधा, बटणांचा, त्यावर चेहरा दिसत नाही, म्हणून सगळं निभतं. मुलासाठी मी डोंगरात असते आणि मुलीसाठी समुद्रावर. वीस वर्षं भूगोल शिकवला तो आता कामाला आला. मुलीला भरती-ओहोटी सांगते, दमट हवेनं मीठ ओलं होतं म्हणते. समुद्र मी पाहिलेला नाही, तेव्हा उजनीचं पाणी आठवते, पलीकडचा काठ पुसून टाकते आणि तेच तिला सांगते. मुलाला तळं सांगायला तर काहीच कष्ट नाहीत, रोज सकाळी देवळाच्या बाजूनं फेरी मारतेच. एकदा घंटा वाजली, तो म्हणाला, "देऊळ आहे का तिथं?" मी म्हटलं, देवीचं आहे, तळ्याला लागूनच. खोटं सुद्धा नव्हतं ते, नैनितालला आहे म्हणे. पुढं पुढं मी मुद्दाम चुका करायला लागले. सोलापूरच्याच मंगळवार बाजाराचं नाव घेऊन मुलीला म्हटलं, आज तिथून शेंगा आणल्या. मुलाशी बोलताना खिडकी उघडी ठेवली, खाली कडक भाकरीवाला सोलापुरी सुरात ओरडत होता. मुलगा म्हणाला, "बरं, ठेवू का आई, मीटिंग आहे." दोन महिन्यांत त्यानं एकदाही म्हटलं नाही, जरा तायडीला दे. तीही म्हणाली नाही, दादाला दे.

परवा मुलीचा वाढदिवस होता. दोघं वर्षभर बोलले नाहीत तरी त्या दिवशी तो तिला फोन करतोच, सकाळी, कामावर जायच्या आधी. मी लवकर अंघोळ केली, इस्त्रीचं लुगडं नेसले, पिशवीत औषधं आणि चष्म्याचं घर भरून ठेवलं. ओरडतील, रडतील, उद्याच्या गाडीत बसतील, असं मी धरून चालले होते. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. आधी जरा ताणायचं, मग ऐकायचं. कुणाकडं जायचं हेही ठरवलं नव्हतं, जो आधी येईल त्याच्याकडं.

दुपारी तीनला मुलीचा फोन आला. मी शुभेच्छा दिल्या. ती म्हणाली, "दादाचा आला होता सकाळी."

"काय म्हणाला?"

"काही नाही. बोललो थोडं." तिच्या स्वयंपाकघरात कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली. "आई, बरी आहेस ना गं तू?"

"बरी आहे."

"पैसे वगैरे... औषधं घेतेस ना वेळेवर?"

"घेते."

खोटं बोलणाऱ्या पोराचा श्वास मला पाठ आहे आई, तीस वर्षं ऐकलाय. मी वाट बघितली. ती म्हणाली, "समुद्रावर जातेस ना रोज फिरायला?"

"जाते की," मी म्हटलं.

"जात जा," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला आणि तिनं फोन ठेवला. तिला कळलं होतं, त्याला कळलं होतं. कुठं आहेस, असं विचारलं असतं तर न्यायला यावं लागलं असतं, म्हणून दोघांनी विचारलं नाही. माझ्या पोरांना तुझा तो धडा नीट पाठ आहे, कधी विचारायचं आणि कधी नाही.

हे पत्र वहीतच राहील. तुझ्यापर्यंत जाणारी पेटी नाही, आणि असती तरी मी टाकलं नसतं, कारण तू ते कुणाकडून तरी वाचून घेतलं असतंस आणि मला एका शब्दानं बोलली नसतीस. एकच सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी मुलाचाही फोन आला. "आई, तिकडं थंडी वाढलीय म्हणे," तो म्हणाला. "स्वेटर घालत जा." मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर ट्रंकेतून स्वेटर काढला आणि घातला. खाली रस्त्यावर माणसं अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरत होती. मला उकडत होतं, पण जेवण होऊन भांडी घासून होईपर्यंत मी तो काढला नाही.