दहा वेळा डोंगर

४ मार्च
आठ दिवसांसाठी आलो होतो, महिना झाला. हे गाव सोडणं आता शक्य नाही. तळ्यात होड्या, कड्यांवर दोर, थंडीत बर्फ, एरवी सायकली. बाराही महिने माणूस घराबाहेर! मी मुळात बाहेरचाच माणूस.

गाइड व्हायचं. नियम सोपा आहे: वर्षभरात दहा वेळा शिखर. डोंगराच्या फाटकावर चौकीदारकाकांची वही असते. जाताना ‘गेला’खाली सही, उतरल्यावर ‘आला’खाली. दहा झाल्या की बिल्ला.

दादाला फोन केला. म्हणाला, एक वर्ष देतो. बिल्ला मिळाला तर राहा तिथेच, नाहीतर गपगुमान येऊन टायरच्या दुकानात बस. तुझं एक तरी काम तडीला गेलंय का? म्हटलं, बघच तू.

तोवर गावातल्या एका काकूंच्या दुकानात नोकरी. सायकली, होड्या, बूट भाड्याने देतात.

१९ मार्च
पहिली चढाई. पहिल्याच वळणावर एक बाई पक्ष्याचं चित्र काढत होत्या. पक्षी उडाला. मी दोन तास शोधून दिला. दुसराच निघाला. मग उशीर झाला, उतरलो, सही केली.

वहीत ‘शिखर’ असा रकानाच नाही. गेला आणि आला. मी गेलो, आलोही. एक.

२ जून
नवे बूट चावले. अर्ध्या वाटेवरच्या चहाच्या टपरीपर्यंत गेलो. टपरीवाला पत्ते छान खेळतो. चार.

११ जुलै
काकूंनी होड्या पुसायला सांगितल्या. पुसता पुसता एकीत बसून बघितलं. वल्ही काठावरच राहिली. काकू काठावरून काय काय म्हणाल्या ते वाऱ्यामुळे नीट ऐकू आलं नाही, ते बरंच झालं.

८ ऑक्टोबर
कडा चढायला शिकलो. मास्तर म्हणाला, पाय उचल. उचलला. म्हणाला, आता दुसरा. दोन्ही पाय एकदम कसे उचलणार? शिकवण्याची पद्धत जुनाट आहे.

उद्यापासून पहाटे पाचला उठणार.

९ ऑक्टोबर, सकाळी साडेदहा
परवापासून.

१५ जानेवारी
बर्फ. घसरगुंडीचा पहिला धडा. उभं राहणं सोडून बाकी सगळं जमतं. नऊ झाल्या. काकूंनी विचारलं, वरचं दगडी पठार बघितलंस का रे? म्हटलं, बघण्यासारखं आहे. खोटं कुठे बोललो?

२ मार्च
दादाचा फोन. परवा येतोय, बिल्ला बघायला. गुडघा दुखतो तरी येतोय. उद्या दहावी चढाई. उद्या मात्र शिखर. शपथ. मधे कुठेही थांबणार नाही.

३ मार्च
ऊन काय सुरेख! टपरीमागे पाच मिनिटं पाठ शेकायला पडलो. उठलो तेव्हा दोन वाजले होते. दहा.

४ मार्च
बिल्ल्याआधी दोन वह्या जुळवतात म्हणे. दुसरी शिखरावर पत्र्याच्या डब्यात असते. असा डबा आहे हे मला वर्षभरात कोणी सांगितलं नाही. चौकीदारकाका म्हणाले, वर गेलेल्याला दिसतोच की.

दुसरी वही आणवली. दादाही शेजारी उभा होता. काकूंचं नाव बावीस वेळा. काकूंचं वय बासष्ट. पक्ष्यांच्या बाई. टपरीवाला, दर सोमवारी. मी कुठेच नाही.

शेवटचं नाव दादाचं. कालच्या तारखेचं. एक दिवस आधीच पोचला होता. काकूंनी त्याला सांगितलं, मी वर गेलोय. तर हा दुकानातले बूट चढवून माझ्या मागे निघाला; उतरायला रात्र झाली, चौकीतच झोपला. तिरकं झालेलं अक्षर, धाप लागली असणार: ‘धाकट्याला शोधत वर आलो. भेटला नाही. जागा फार छान आहे. इथे राहतो म्हणाला तर राहू दे.’

काकांनी वही मिटली. काकूंनी माझी बॅग आणून ठेवली, सोबत जेवणाचा डबा. निदान कोणी ओरडायचं तरी.

तीनची बस. मुळात मी घरातलाच माणूस असावा. बसमध्ये दादाला विचारलं, वरून काय दिसतं रे?

म्हणाला, सगळं दिसतं. तळं, गाव, ती चहाची टपरी. टपरीमागे कोणीतरी उन्हात झोपलेलं होतं. एवढ्या उंचावरून ओळखू आलं नाही, म्हणाला.