मामांच्या टोमॅटोला उणे चारशे बारा

ती. मामा,

खुर्चीत बसल्या बसल्या जमेल तेवढा साष्टांग नमस्कार. गुडघा काय म्हणतो? मामींची सर्दी गेली का? मी ठीक आहे, म्हणजे हे पत्र तुमच्या हाती पडेपर्यंत तरी.

मामी फोनवर म्हणाल्या, तुम्ही त्या बागवाल्यांच्या फोरमवर लिहिणं सोडलंत, कॉम्प्युटरवर चादर टाकलीत आणि टोमॅटोच्या कुंड्या शेजाऱ्यांना देऊन टाकायचं म्हणताय. मामा, पाया पडतो, कुंड्या देऊ नका. तुमच्या लेखाला नापसंतीची जी चारशे बारा मतं पडली, ती चारशे बारा माणसांची नाहीत. ती एकाच माणसाची आहेत, आणि त्याला सायकल तुम्हीच शिकवलीत.

त्याचं असं झालं. त्या फोरमची मतदानाची यंत्रणा तपासायचं काम आमच्या ऑफिसात आलं आणि माझ्या गळ्यात पडलं. (तुम्ही नातेवाइकांत मला मोठा इंजिनिअर म्हणता, पण मी दिवसभर बटणं दाबून काय मोडतं ते बघतो. लहानपणी याच गुणासाठी मार खायचो, आता पगार मिळतो.) नापसंतीचा बाण एकाच माणसाने दोनदा दाबला तर मत एकच धरतात का, एवढंच पाहायचं होतं. त्यासाठी कोणी फारसं फिरकत नाही असा लेख हवा होता, म्हणून तुमचा घेतला. (रागावू नका, हा तांत्रिक निकष आहे.) दोनदा दाबला, दोन मतं पडली. तिसऱ्यांदा तीन. मग हे थांबतं कुठे ते बघावं म्हणून दाबतच राहिलो. चारशे बाराला जेवणाची सुट्टी झाली. परत आल्यावर कळलं, चाचणीसाठी केलेली फोरमची नक्कल स्क्रीनवर शेजारच्या खिडकीत तशीच उघडी आहे आणि मी सकाळपासून खऱ्या फोरमवर बसलोय.

तोवर लोक जमले होते. 'टोमॅटोला पाणी पानांवर नको, मुळाशी घाला' या वाक्यात काहीतरी भयंकर असणार, नाहीतर चारशे माणसं कशाला चिडतील, म्हणून जो तो कारण शोधायला लागला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. एका बाईंची अख्खी गच्ची तुमच्यामुळे वाळली. (त्यांच्याकडे फक्त निवडुंग आहेत, हे त्यांनीच पूर्वी लिहिलंय.) एका निवृत्त प्राध्यापकांनी तर 'मी त्या चारशे बारांपैकी एक' असं अभिमानाने जाहीर केलं. मामा, त्या चारशे बारांना माझ्याइतकं जवळून कोण ओळखतं? प्राध्यापक त्यांत नव्हते.

मी साहेबांकडे जाऊन कबुली दिली. त्यांनी आकडे पाहिले. वर्षभरात फोरमवर एवढी गर्दी झाली नव्हती. म्हणाले, याला दोष म्हणू नये, प्रतिसाद म्हणावं. मी दोन दिवस हटून बसलो तेव्हा कुठे मतं काढू दिली. चुकलो, मामा. तुमच्यावर तुटून पडलेली गर्दी मीच जमवली, याचं फार वाईट वाटतंय. चादर काढा आणि लिहा.

तुमचा,
बोट सुजलेला भाचा

ता. क. माझी मतं काढल्यावर तुमच्या लेखावर खरी मतं उरली ती तीन. तिन्ही पसंतीची.

आणखी एक ता. क. ती तीन मतं तीन वेगळ्या नावांनी आहेत, पण एकाच कॉम्प्युटरवरून, तुमच्याच घरातून, तुमच्या दुपारच्या झोपेच्या वेळेत दिलेली. एका माणसाने अनेक नावांनी दिलेली मतं पकडणं, हे माझं पुढचं काम होतं. अहवालात मी 'असं काही आढळलं नाही' असं लिहून सही केली आहे. तेव्हा मामींना एवढंच सांगा, चौथ्या नावाने मत देऊ नका. चौथं नाव दिसलं की यंत्र आपणहून साहेबांना कळवतं.