बर्निसची सत्तावन्न मतं

तीर्थस्वरूप हेस्टरताईस,

वेंडलचा वाकून नमस्कार (मनातल्या मनात, कंबर धरली आहे). फ्लोरिडाच्या उन्हात तुझे गुडघे मोकळे झाले असतील. इकडे व्हरमाँटात बर्फ वितळून नुसता रेंदा झाला आहे. पोस्टाची गाडी परवा आमच्याच वळणावर रुतली. गावचा रस्ते-अधिकारी मीच असल्यामुळे त्याविषयी जास्त लिहीत नाही.

आणि यापुढे तो मीच असेन की नाही, हेच सांगायला बसलो आहे. मार्चच्या पहिल्या मंगळवारी रिवाजाप्रमाणे शाळेत गावसभा भरली. नवा पूल बांधायचा ठराव चार मिनिटांत मंजूर झाला आणि वाचनालयाच्या दाराला हिरवा रंग द्यावा की लाल, यावर पावणेदोन तास हमरीतुमरी झाली. (पूल कुणाला कळतो? रंग सगळ्यांना कळतो. वॉशिंग्टनातही असंच चालत असणार, फक्त तिथे मध्ये उठून घरचं जेवण वाढत नसतील.) मग मतमोजणी. तुला ठाऊकच आहे, गेली अठरा वर्षं मी बिनविरोध. मतपत्रिकेवर माझं एकट्याचं नाव आणि त्याखाली एक रिकामी ओळ, कुणाला दुसऱ्या कुणाचं नाव लिहायची हुक्की आली तर. गावच्या चिटणीस ल्युएलाबाईंनी चष्मा पुसून वाचलं: वेंडल सत्तावन्न, बर्निस सत्तावन्न, सांताक्लॉज एक.

माझी बायको उभी राहिलीच नव्हती गं! ती मागे जेवणासाठी ॲपल पाय कापत होती, ती सुरी हातात घेऊनच पुढे आली. "हे काय भलतंच? मी कधी उभी राहिले?" त्यावर ल्युएलाबाई म्हणाल्या, "अगं, तक्रारीचे फोन उचलतं कोण? बर्फ काढायची गाडी आधी कुणाच्या दारात पाठवायची ते ठरवतं कोण? हा बापडा नुसता गाडीचं चाक धरून बसतो!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळे माझ्याकडेच बघत होते, म्हणून मीही वाजवल्या.

आता खरं सांगतो. त्या सत्तावन्नांतलं एक मत माझं. स्वतःलाच मत देणं मला बरं दिसत नाही (मोठा तुकडा दुसऱ्याच्या ताटात वाढावा, ही आईची शिकवण), म्हणून मी दर वर्षी त्या रिकाम्या ओळीवर बायकोचं नाव लिहितो. बिनविरोध माणसाला असली हौस परवडते. दर वर्षी 'बर्निस, एक' असं वाचलं जायचं, लोक हसायचे. गावाला ही कल्पना सुचली ती तिथूनच. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा, दुसरं काय!

तीन आठवड्यांनी फेरमतदान आहे. तोवर न्याहारीला आम्ही दोन उमेदवार समोरासमोर बसतो. फोन अजून तीच उचलते. ती लोकांची अडचण ऐकते की प्रचार करते, हे विचारायची मला छाती होत नाही. हसू नकोस ताई, मला हे काम मनापासून हवं आहे. पहाटे बर्फाची गाडी घेऊन निघालो नाही, तर मी करू तरी काय?

तुझा धाकटा भाऊ,
वेंडल

ता. क. तू हिवाळ्यापुरतीच तिकडे, मतदार अजून इथलीच. ल्युएलाबाईंनी तुझी टपाली मतपत्रिका धाडली आहे. मला मत देऊन उलट टपाली पाठव. शेवटी रक्ताचं नातं.

दुसरा ता. क. आत्ताच बोलता बोलता कळलं, माझ्या सत्तावन्नांतलं एक मत बर्निसचं. अठरा वर्षं ती माझ्या पदाची जागा कोरीच सोडायची. या वेळी आणखी चार-दोन लोक तिचं नाव लिहिणार असं कानावर आलं, तिला माझी दया आली आणि तिने पहिल्यांदाच मला मत दिलं. मी माझ्या ताटातला मोठा तुकडा तिच्या ताटात वाढला. ताई, तू तिलाच मत दे. तिला मात्र कळू देऊ नकोस.

तिसरा ता. क., बर्निसकडून. वन्सं, या घरात पाकिटं मीच चिकटवते, म्हणून सगळं वाचलं. मत मलाच द्या. निवडून आले की बर्फाच्या गाडीवर यांनाच नेमणार आहे. फोन मात्र तेव्हापासून हे उचलतील.