फ्रिजवरचे जन्मदाखले

डेल,

फ्रिजवर हौसेनं लावलेले पोरांचे नवे जन्मदाखले मी काढलेत. दत्तक घेतल्यावर आईबापाच्या रकान्यात आपली नावं आली म्हणून आपण नाचलो, आणि ट्रिनाला आता वाचता येतं हेच विसरलो!

रडली नाही रे ती. धाकट्या ओटिसला समोर बसवून म्हणाली, "कागद बदललाय, आई नाही. सांग, आईचा तीळ कुठल्या गालावर?" तो चुकला. सात वर्षांची पोर! मी मनातल्या मनात हात जोडले.

मग तिनं मलाही विचारलं. मला कुठे माहीत? मग आम्हा दोघांकडूनही घोकून घेतलं.

त्यांच्या आईचा फोटो मोठा करून आणायला जातेय. फ्रिजवर आता तोच लावू. सूप गरम करून घ्या.

जेवताना ती तुला विचारणार आहे. डावा गाल, डेल. चुकू नकोस.

कोरिन